गुडघे दुखले तरी मांड सोडू नका

भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये राहणारी माझी मावसबहीण पन्नाशीतच म्हणते, "गुडघे धरलेत, चालणं बंद!" आपल्या गोव्यातही पौषात धालो सुरू झाले की काहीजणी याच कारणाने मांडाच्या कडेला बसून राहतात. मला हे पटत नाही. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्यासाठी हालचाल लागते. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात, गुडघ्याला आधार उरत नाही. फुगडीच्या गिरक्या हव्या तर सोडा. पण धालोंतली ओळीने पुढे-मागे पडणारी संथ पावले का सोडायची? सांधा सुजून गरम झाला, तर आधी डॉक्टर गाठावा. एरवी, बायांनो, झेपेल तेवढे नाचा.