वयात येण्याची सक्ती आणि समीक्षेचा साचा

कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांच्या घडणीची अमेरिकन कथने आपल्या विद्यापीठीय समीक्षेत बहुधा 'बिल्डुंग्सरोमान' या संज्ञेच्या आधाराने वाचली जातात. व्यक्तीच्या घडणीची कादंबरी, असा तिचा स्थूल अर्थ. कोवळे वय, भोवतीची वांशिक अशांतता, निरागसतेचा लोप आणि अखेरीस लाभणारे आत्मभान, असा आराखडा एकदा हाती आला की संहितेचे आकलन झाल्याचे समाधान अभ्यासकास मिळते. या आराखड्यात वंशद्वेष 'पार्श्वभूमी' ठरतो आणि 'मोठे होणे' हा 'वैश्विक आशय' ठरतो. या वाचनपद्धतीला प्रस्तुत लेखकाचा विरोध आहे.

या वाङ्मयप्रकाराचा मूलादर्श म्हणून ग्योटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'कडे (१७९५-९६) बोट दाखवले जाते. त्या कादंबरीचा नायक व्यापाऱ्याचा मुलगा आहे. तो नाटकाच्या नादी लागतो, भरकटतो, वर्षे वाया घालवतो. पुढे त्याला कळते की एक मंडळ या सर्व काळात त्याच्यावर हितैषी नजर ठेवून होते. म्हणजे हा रूपबंध दोन गृहीतकांवर उभा आहे: तारुण्यात चुकण्याची मुभा असते, आणि भरकटून आलेल्याला सामावून घेणारा समाज पुढे वाट पाहत असतो. ही गृहीतके एका विशिष्ट वर्गाच्या अनुभवातून आली आहेत. त्यांना 'मानवी' म्हणण्यापूर्वी ती कोणाला उपलब्ध होती, हे विचारावयास हवे.

२८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपी राज्यात एमेट टिल या शिकागोच्या मुलाची हत्या झाली. गोऱ्या स्त्रीशी आगळीक केल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याचे वय १४ वर्षे होते. केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने दोघा आरोपींना निर्दोष सोडले. १९५६ च्या जानेवारीत त्या दोघांनी एका नियतकालिकाकडून पैसे घेऊन हत्येची कबुली दिली. पोराने केलेली चूक म्हणून ज्याकडे पाहता आले असते, त्यासाठी त्याला प्रौढ पुरुष ठरवून शिक्षा झाली. बालपण ही जैविक अवस्था असली तरी तिचे संरक्षण सामाजिक मान्यतेवर अवलंबून असते, आणि ती मान्यता येथे नाकारली गेली. हा इतिहास १९५५ पाशी थांबत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंड येथे पोलिसांच्या गोळीने मरण पावलेला टमीर राइस १२ वर्षांचा होता; गोळीबारानंतर पोलिसाने कळवलेले वय सुमारे वीस होते.

अ‍ॅन मूडी यांचे 'कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी' (१९६८) हे आत्मकथन या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. टिलची हत्या झाली तेव्हा निवेदिका १४ वर्षांची असून एका गोऱ्या कुटुंबात घरकाम करीत असते. मालकीण तिला वय विचारते आणि मारला गेलेला मुलगाही तेवढ्याच वयाचा होता, हे बोलून दाखवते. भूक आणि नरक यांची भीती तिला आधीपासून ठाऊक होती. केवळ काळे असल्यामुळे मारले जाण्याची भीती या क्षणी जन्म घेते. समीक्षक याला 'निरागसतेचा लोप' म्हणतील. वस्तुतः येथे काहीही आपोआप लोपलेले नाही. मालकिणीने ते जाणीवपूर्वक हिरावून घेतले आहे. कर्ता वगळून क्रिया सांगणारी परिभाषा समीक्षेने का स्वीकारावी?

'वांशिक अशांतता' हा शब्दही असाच कर्ता लपवतो. २८ मे १९६३ रोजी मूडी जॅक्सन येथील वूलवर्थ दुकानाच्या उपाहारगृहात, गोऱ्यांसाठी राखीव जागी, सहकाऱ्यांसह नुसत्या बसून राहिल्या. जमावाने मारहाण केली, अंगावर केचप, मस्टर्ड, साखर ओतली. शांतता कोणी भंग केली? १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या; तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. त्याच दिवशी मूडी २३ वर्षांच्या झाल्या. एकीचा वाढदिवस आणि चौघींचे न वाढणे या योगायोगाला निवेदिका सांत्वन शोधत नाही. ती थेट ईश्वराशी भांडते.

बालपण, हायस्कूल, कॉलेज आणि चळवळ अशी या ग्रंथाची चार भागांतील रचना वरवर विकासक्रमाची वाटते. परंतु शेवटी बसमधील सहप्रवासी विजयाचे गाणे गात असताना निवेदिकेच्या मनात शंका उरते. विकासाचा साचा लावणाऱ्यास हा शेवट अपुरा वाटेल. तो अपुरा नाही. ज्या समाजाने जागाच ठेवलेली नाही, त्यात सामावून जाण्याचा शेवट लिहिणे खोटेपणाचे ठरले असते. येथे रूपबंध मोडणे हेच आशयाचे विधान आहे, आणि म्हणूनच अशा लेखनाला 'केवळ सामाजिक दस्तऐवज' म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा पक्षही टिकत नाही. दस्तऐवज स्वतःच्या शेवटाविषयी शंका घेत नाही.

मराठी अभ्यासकाला हा वाद परका नाही. 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित स्वकथनांना हेच दोन निकष लावले गेले: एकतर वैश्विक वेदना, नाहीतर समाजशास्त्रीय सामग्री. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरशी नाते सांगितले, म्हणून वंश आणि जात एकच ठरत नाहीत. तसे समीकरण मांडणेही आळसाचे आहे. साम्य आहे ते समीक्षेच्या वर्तनात. दोन्हीकडे ती लेखकाला स्वतःच्या साच्यात वयात यावयास लावते.

एम. ए. च्या वर्गात 'नायक कसा घडला?' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारतो. त्याआधी 'त्याला मूल राहू दिले होते काय, आणि नसेल तर कोणी दिले नाही?' हा प्रश्न विचारला पाहिजे. या प्रश्नाच्या उत्तराने जो निकष डळमळतो, तो वैश्विक कधीच नव्हता.