विद्यार्थी कल्याणाचं उच्च शिक्षण : अटी नीट वाचा, घाबरून मागे फिरू नका

रविवारी वंदना झाल्यावर मिरजोळ्यातल्या आमच्या विहारात एक मुलगी थांबली. समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील एमआयडीसीत कामाला. मोबाईलवर अमेरिकेतल्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अटी दाखवत तिने विचारलं, "ताई, हे आपल्यासाठी आहे का?"

अभ्यासक्रम होता 'कॉलेज स्टुडंट अफेअर्स', म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं कल्याण. वसतिगृह, समुपदेशन, शिष्यवृत्ती, तक्रार निवारण, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना आधार ही कामं तिथे प्रशिक्षित माणसं करतात आणि त्यासाठी दोन वर्षांची पदवी घेतात. या शिक्षणाची सुरुवात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या टीचर्स कॉलेजात झाली. साधारण त्याच काळात, 1913 साली, बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात दाखल झाले होते. ही विद्याशाखा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आता अटी पाहू. बहुतेक ठिकाणी पदवीला 4 पैकी 3 गुणांक, दोन-तीन शिफारसपत्रं, स्वतःविषयीचं निवेदन, कामाच्या अनुभवाचा तपशील, इंग्रजीची परीक्षा आणि मुलाखत लागते. जीआरई अनेक विद्यापीठांनी काढून टाकली आहे. म्हणजे एका परीक्षेपेक्षा इथे माणूस आणि त्याचं काम जास्त पाहिलं जातं. हे आपल्या बाजूचं आहे. संध्याकाळी विहारात दहावीच्या मुलांची शिकवणी घेणं, महाडीबीटीचे फॉर्म भरून देणं, वसतिगृहात जागा मिळावी म्हणून समाजकल्याण कार्यालयात खेटे घालणं, हेच तर विद्यार्थी कल्याणाचं काम. आपली मुलं हे वर्षानुवर्षं करतात, पण त्याची नोंद कुठेच नसते. अर्ज करताना तोच अनुभवाचा रकाना रिकामा राहतो.

शिफारसपत्राचंही तसंच. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, घरकाम आटोपून धावत कॉलेज गाठणाऱ्या मुलीला प्राध्यापक नावाने ओळखत नाहीत. तीन पत्रं आणायची कुठून? अट सर्वांना सारखी दिसते, पण ज्याच्या घरात आधी कुणी प्राध्यापकाच्या केबिनमध्ये गेलेलं आहे, त्याला ती सोपी जाते.

आणखी एक अट आपल्याकडे उशिरा कळते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. तिसऱ्या वर्षी घाईत घेतलेला निर्णय पुढचं दार बंद करू शकतो. आधी तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांना इथे एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून पुढे जाता येतं.

मुख्य अडचण पैशाची. या अभ्यासक्रमांत असिस्टंटशिपची पद्धत आहे. विद्यापीठातच आठवड्याला साधारण 20 तास काम केलं की अनेक ठिकाणी शुल्कात सवलत आणि मानधन मिळतं. पण ती सर्वांना मिळत नाही आणि प्रवासाचा, व्हिसाचा खर्च आधी उभा करावा लागतो. म्हणून शिष्यवृत्ती लागतेच. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये हवं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीला पहिली 500 चालतात. या विषयात नावाजलेलं इंडियाना विद्यापीठ 200 च्या बाहेर आहे आणि बोलिंग ग्रीन तर 500 मध्येही बसत नाही. क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते, विषयाची नाही. संशोधन निबंध मोजणारी ही फूटपट्टी विद्यार्थ्यांना सांभाळण्याचं शिक्षण कुठे चांगलं मिळतं ते सांगत नाही.

अटी दगडावरची रेघ नसतात. 2024 मध्ये राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीला 75 टक्के गुणांची अट घातली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि संघटनांनी जोरदार विरोध केला. 2022 मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय शिष्यवृत्तीतून वगळले, त्यावरही देशभर टीका झाली. आता विषयवार क्रमवारी धरा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तरीही प्रश्न फक्त परदेशाचा नाही. आपल्या महाविद्यालयांत विद्यार्थी विकासाचं काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे जादा जबाबदारी म्हणून येतं. त्या कामाचं वेगळं शिक्षण हवं, अशी अट सहसा नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. पुढे 2016 मध्ये रोहित वेमुला आणि 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्या आई सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या हे नियम कागदावरून प्रत्यक्षात यावेत म्हणून. विद्यार्थ्याला प्रवेश देताना आपण दहा कागद तपासतो. त्याचं ऐकून घेण्यासाठी नेमलेल्या माणसाची पात्रता मात्र कुणी तपासत नाही. ही विसंगती दूर व्हायला हवी आणि त्या जागांवर आपली शिकलेली मुलं बसायला हवीत.

त्यासाठी आजपासून करता येण्यासारखं बरंच आहे. विहारातल्या शिकवणीची तारीखवार वही ठेवा आणि मंडळाकडून अनुभवाचं पत्र घ्या. दुसऱ्या वर्षापासूनच दोन प्राध्यापकांशी ओळख वाढवा. जात प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात असलं तरी केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं लागतं, ते वेळेत काढा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एम.ए. प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी द्यावी लागते, तिची तारीख चुकवू नका.

त्या मुलीला मी म्हटलं, हे आपल्यासाठीच आहे. पुढच्या रविवारी तिची वही सुरू करायची ठरली आहे. गेल्या दोन वर्षांत तिने किती मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले, ते पहिल्या पानावर येईल.

जय भीम.