डिपरॉडचा हिशेब आणि आमचा व्यापार

पेट्रोल, डिझेल, थिनर, स्पिरिट यांचा व्यवहार करणारे आपले बांधव थोडे नाहीत. कोणाचा टँकर आहे, कोणी पंपावर कामाला आहे, कोणी टाक्यांचे फॅब्रिकेशन करतो, कोणी रंगाचे दुकान चालवतो. या सर्वांचा नफा-तोटा टाकीत माल किती आहे यावर ठरतो. तरीही मोजण्याचे काम आपण अंदाजावर सोडतो. व्यापारी बंधूंनी याचा गंभीरपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

गगनबावड्याचेच पाहा. करूळ आणि भुईबावडा घाटांतून कोकणात उतरणारी वाहने या गावावरून जातात. पंपावर टँकर आला की डिपरॉड टाकला जातो आणि माल कमी भरला की संशय ड्रायव्हरवर जातो. पण डोंगराळ भागात जागा उताराची असते. टँकर थोडा कललेला असला तरी डिपरॉड खोटे सांगतो. म्हणून आधी गाडी सपाटीवर उभी करावी, तेल स्थिर होऊ द्यावे, मगच डिप घ्यावा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पेट्रोल दर अंशाला हजारी सुमारे एक या प्रमाणात फुगते व आकसते. डेपोत ३२ अंशाला भरलेले १२,००० लिटर पेट्रोल रात्रभर पावसात उभे राहून २७ अंशावर आले, तर साठ-सत्तर लिटर कमी दिसणारच. ही चोरी नव्हे. चलनावरील घनता व तापमान पाहून १५ अंशाच्या तक्त्याशी ताळा घातला, तर भांडण मिटते आणि गरीब ड्रायव्हरची अब्रूही राहते. ताळा घालूनही तूट उरली, तर मात्र जाब विचारण्याचा हक्क मालकाला आहेच.

तिसरी गोष्ट जमिनीखालच्या आडव्या टाकीची. दोन मीटर व्यासाची, २० हजार लिटरची टाकी घ्या. मध्यावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे १२८ लिटर. तळापासून दहा सेंटीमीटरवर तोच सेंटीमीटर अवघा ५६ लिटरचा. मध्यावर अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर ६,४०० रुपयांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक टाकीचा स्वतःचा तक्ता हवा. शेजारच्या पंपाचा तक्ता आपल्या टाकीला चालत नाही.

चौथी गोष्ट पाण्याची. गगनबावडा हे जिल्ह्यातील सर्वात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पूर्वी टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसे आणि डिपरॉडला लावलेली पेस्ट रंग बदलून ते दाखवी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी त्यात विरघळते, म्हणून जुन्या पेस्टला ते कळत नाही. ते मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो व तोच गिऱ्हाइकाच्या गाडीत जातो. इथेनॉलसाठी वेगळी पेस्ट मिळते, ती वापरावी. पावसाळ्यापूर्वी मॅनहोलचे झाकण आणि त्याचे पॅकिंग तपासावे.

आता जिवाचा प्रश्न. या द्रवांची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. आत किती आहे ते पाहण्यासाठी काडी ओढणे किंवा मोबाईलची बॅटरी लावणे हा वेडेपणा आहे. डिप घेण्यापूर्वी टँकरला अर्थिंग करावे, नायलॉनची दोरी वापरू नये. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना आमचे खास सांगणे आहे, की रिकामे पिंप भरलेल्याहून धोकादायक असते, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पूर्ण धुऊन, वाफ काढून, तपासणी झाल्याशिवाय त्याला टॉर्च लावू नये. मालक घाई करतो म्हणून जीव द्यायचा नसतो.

काहीजण म्हणतील, आता पंपावर आपोआप मोजणारी यंत्रे बसली आहेत, मग काळजी कसली? यंत्र चांगलेच, पण ते अडकते. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत एका टाकीचा मापक एकाच आकड्यावर थांबला. टाकी भरल्यावर पुरवठा बंद करणारा स्विचही चालला नाही. पेट्रोल वाहत राहिले, वाफेचा ढग पेटला आणि ४३ माणसे जखमी झाली. मोठ्या कंपन्यांच्या डेपोत हे घडते, तर आपल्याकडे का घडणार नाही? म्हणून पडद्यावरचा आकडा रोज हाताच्या डिपशी ताडून पाहावा व दोन्ही वहीत लिहावेत.

आमच्या मते यात रोजगारही आहे. टाक्यांची मापे घेणे, मापक दुरुस्त करणे, तक्ते तयार करणे ही कामे जाणणारी माणसे तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाहीत. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांनी हे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडे शिकावे आणि वैधमापन खात्याचे नियम समजून घ्यावेत. माप पूर्ण द्यावे, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळते. पण माप पूर्ण देण्यासाठी ते आधी नीट घेता आले पाहिजे.