पाच तारे आणि पाण्याचा ग्लास

परवा एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिच्या वडिलांसाठी इथे मेलबर्नमध्ये एज्ड केअर होम शोधणं चालू आहे. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता म्हणाली, "आता काही काळजी नाही गं, सरकारने प्रत्येक होमला तारे दिलेत. मोबाईलवर बघायचे आणि ठरवून टाकायचं." सणाच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. मग म्हटलं, ब्लॉग आहे कशाला?

नेहमीच्या वाचकांना माहीतच आहे, आमच्या माई (माझ्या सासूबाई) दीड वर्षापासून अशाच एका होममध्ये आहेत. स्मृतिभ्रंशात आधी इंग्रजी गेलं, आता मराठीही तुटक झालंय. एका दुपारी भेटायला गेले तर ओठ पार सुकलेले. ग्लास काठोकाठ भरलेला, पण ज्या टेबलावर होता ते टेबल पलंगापासून चार हात लांब. मी विचारल्यावर तिथल्या मुलीने टॅब्लेट दाखवला. सकाळपासून तीन वेळा 'पाणी दिले', तिन्हीपुढे हिरवी खूण. ती मुलगी खोटारडी नव्हती हो. पाणी दिलं होतंच, टेबलावर. पाजायला तिच्याकडे वेळ नव्हता आणि खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

ती हिरवी खूण कॅनबेरापर्यंत जात नाही. पण जे आकडे जातात, तेही तिचेच भाऊबंद! किती जणांना पलंगावर पडून जखमा झाल्या, किती पडले, किती जणांचं वजन घटलं, हे होमने स्वतः मोजायचं आणि दर तीन महिन्यांनी सरकारच्या पोर्टलवर भरायचं. २०२२च्या डिसेंबरपासून सुरू झालेले तारे चार गोष्टींवर ठरतात: राहणाऱ्यांचा अनुभव, नियमांचं पालन, कर्मचारी आणि हे गुणवत्तेचे आकडे. त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टींची माहिती होमकडूनच येते. तपासणी होते, पण मागाहून. म्हणजे पेपर लिहायचा विद्यार्थ्याने, आणि गुणांची पहिली बेरीजही त्यानेच करायची.

राहिला अनुभव. त्यासाठी बाहेरची माणसं येऊन मुलाखती घेतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वर्षातून एकदा, आणि किमान दहा टक्के लोकांच्या. माईंना आजवर कोणी काही विचारलेलं नाही. नव्या कायद्यात (तो १ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाला) आपल्या भाषेत बोलण्याचा हक्क लिहिलाय म्हणे. माई तर फक्त मराठीतच "पाणी" म्हणतात...

आता कोणी म्हणेल, ही बाई तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे, हिला जुनी वहीच हवी. अजिबात नाही! वहीच्या राज्यात काय झालं ते ॲडलेडच्या ओकडेनमध्ये दिसलंच की. तिथे वृद्ध मनोरुग्णांचे हाल होत होते, आणि २०१६च्या मूल्यमापनात ४४ पैकी ४४ निकष पूर्ण! एका कुटुंबाने तक्रार लावून धरली म्हणून बिंग फुटलं आणि २०१७मध्ये ते बंद झालं. त्यानंतर रॉयल कमिशन बसलं. २०१९च्या त्यांच्या अंतरिम अहवालाचं नावच 'हेळसांड' अशा अर्थाचं होतं. २०२१च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आल्या. एवढं होऊनही आपण कागदावरची खूण पुसून ती काचेवर काढली, तर मिळवलं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याची तपासणी करायची, त्यालाच माहिती भरायला लावू नका. जी माहिती आपोआप तयार होते, ती थेट घ्या.

पगाराचंच घ्या. २०१८पासून इथे मोठ्या कंपन्यांना आणि २०१९पासून छोट्यांनाही दर पगाराची माहिती त्याच वेळी कर खात्याला पाठवावी लागते. कर गोळा करायचा तर सरकारला आजचा आकडा लागतो. मग होममध्ये माणशी रोज सरासरी २१५ मिनिटं काळजी (त्यातली ४४ नोंदणीकृत नर्सची) मिळते का, हे तीन महिन्यांनी का कळावं? ड्यूटीचं वेळापत्रक आणि हजेरी रोज थेट नियामकाकडे जाऊ दे.

गोळ्यांचंही तेच. म्हाताऱ्यांना औषधं देऊन गुंगवून ठेवणं हा त्या अंतरिम अहवालातला एक तातडीचा मुद्दा होता. बहुतेक औषधांना सबसिडी सरकारच देतं, म्हणजे नोंद आहेच. एखाद्या होममध्ये अशा गोळ्या अचानक वाढल्या तर त्याच आठवड्यात इन्स्पेक्टर दारात हवा. संगणकाने इन्स्पेक्टरची जागा घ्यायची नाही, त्याला कुठल्या दारी जायचं ते सांगायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माईंची नोंद मला दिसू दे. 'पाणी दिले' च्या शेजारी मला 'नाही' म्हणायची सोय द्या, आणि ते 'नाही' होमला पुसता येऊ नये. आज तक्रार करायची तर वेगळा फॉर्म, वेगळा फोन. त्यात मनात भीती, की आपण घरी गेल्यावर राग माईंवर निघाला तर? तिथल्या मुलींवर पाळत ठेवायची म्हणून नाही मागत मी हे. अशी पन्नास 'नाही' एकाच पाळीत जमली, तर त्या पाळीला माणसं कमी आहेत हे त्या मुलींच्या बाजूनेच सिद्ध होईल.

पुण्याच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठीही. दादाने मध्यंतरी एका वृद्धाश्रमाची जाहिरात पाठवली होती, 'आईला मोबाईलवर लाइव्ह बघा' वाली. दादा, कॅमेऱ्यात ग्लास दिसेल रे, पण तो हाताला लागतोय का, ते कोण बघणार?

मैत्रिणीला मी आज फोन केला. म्हटलं, तारे जरूर बघ, पण न सांगता दुपारी तीनला जा आणि पाण्याचे ग्लास कुठे ठेवलेत ते बघून ये.

असो. माईंकडे जायची वेळ झाली.