गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? : आंबिल ओढ्याकाठच्या रहिवाशांना जाहीर आवाहन

स्वारगेट, लक्ष्मीनगर, मित्रमंडळ, अरण्येश्वर, दांडेकर पूल आणि दत्तवाडी परिसरातील बंधुभगिनींनो,

गणपती गेले की पाऊस गेला, असा आपला जुना समज. पण २०१९ साली अनंत चतुर्दशी होती १२ सप्टेंबरला आणि ओढ्याला पूर आला २५ सप्टेंबरच्या रात्री. २०२२ मध्ये दिवाळी आठवड्यावर आली असताना, १७ ऑक्टोबरच्या रात्री, शहरातल्या रस्त्यांवरून दुचाक्या वाहत गेल्या. २५ सप्टेंबर २०२४ च्या पावसाने तर स्वारगेट मेट्रोचे दुसऱ्या दिवशीचे उद्घाटनच पुढे ढकलायला लावले. तेव्हा परतीचा पाऊस संपेपर्यंत सावधपणा सोडू नका.

मुठेचे पाणी आणि ओढ्याचे पाणी यांत मोठा फरक आहे. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडणार, हे जाहीर तरी होते. (जुलै २०२४ मध्ये ते आपल्यापर्यंत वेळेत पोचले नाही, अशी एकतानगरीतल्या रहिवाशांची तक्रार होती, ती गोष्ट वेगळी.) ओढ्याला ना दरवाजे, ना भोंगा. कात्रजच्या डोंगरउतारावर धो धो पाऊस पडला की तलाव भरून सांडतो, आणि बालाजीनगर, पद्मावती, सहकारनगरचे रस्ते-गटारे त्यात मिसळून सगळा लोंढा खाली आपल्याकडे येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशी वळवला गेला, पण त्याला वाहायला जागा ठेवली होती. ती जागा आपल्या काळात गेली. डोंगरही सिमेंटने झाकत चालले आहेत, मग पाणी मुरणार कुठे? याचा जाब महापालिकेला विचारत राहूच. पण पाऊस त्या उत्तरासाठी थांबणार नाही.

म्हणून विनंती अशी, की स्वारगेटला नुसती भुरभुर असली तरी कात्रजकडे काय चालले आहे ते बघा. तिकडे प्रत्येकाचे कुणी ना कुणी राहतेच. मावशी असेल, मित्र असेल. ‘रात्री जोर वाढला तर फोन कर’ असे त्यांना आजच सांगून ठेवा. फोन आला की लहान मुले, म्हातारी माणसे, औषधे आणि कागदपत्रे घेऊन वर जा. पाणी उंबऱ्याला लागण्याची वाट बघू नका. मात्र ‘तलाव फुटला’ असले मेसेज खातरजमा केल्याशिवाय पुढे ढकलू नका. धावपळीत माणसे पाण्याच्याच दिशेने जातात.

गाडी काढायला खाली उतरू नका. हप्ते चालू असलेली दुचाकी डोळ्यांदेखत वाहून जाताना बघणे सोपे नसते, हे कळते. पण गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाचेही पाय उचलते, आणि बेसमेंटमध्ये पाणी शिरू लागले की बाहेर पडायला वेळ मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. पाणी येण्याआधी, हात-पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा. पाणी चढल्यावर मीटरच्या पेटीकडे फिरकूसुद्धा नका.

आडोसा म्हणून सीमाभिंतीला खेटून उभे राहू नका. २०१९ ला टांगेवाले कॉलनीत भिंतच कोसळून माणसे दगावली.

रात्री एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्यांनी, रस्ते पाण्याखाली असतील तर, स्थानकातच उजाडेपर्यंत थांबावे. रिक्षावाल्या दादांनाही हात जोडून विनंती: दुप्पट भाडे मिळाले तरी वाहत्या पाण्यात रिक्षा घालू नका. अडकलात तर ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावा. इमारतीचे नाव आणि जवळची खूण आधी सांगा.

आता वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांसाठी. ओढ्याकाठच्या बैठ्या घरांना वर जायला जागाच नाही. त्यांना जवळचा आसरा म्हणजे आपला जिना आणि आपली गच्ची, आणि तिला बहुतेक ठिकाणी कुलूप असते. चोरीची भीती खोटी नाही; पण अशा रात्री फाटक बंद ठेवून कुणाला बाहेर भिजत ठेवू नका. किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात असून उपयोग नाही. एक वॉचमनकडे, एक तळमजल्यावरच्या घरात द्या. येत्या रविवारी दोघांची नावे आणि फोन नंबर फाटकावर ठळक अक्षरांत लावा, आणि शेजारच्या वस्तीत जाऊन तोंडीही सांगून या.

आपले,
आंबिल ओढ्याकाठचे काही रहिवासी