अभिप्राय की निकाल?

आमच्या तेल्हाऱ्यातील एका तरुणाने गेल्या वर्षी संगणकावरचा एक खेळ रचला. त्यात चित्रे नाहीत. सारा कारभार शब्दांचा. पडद्यावर चार ओळी उमटतात : रात्र झाली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी तुम्ही एकटे आहात, वान नदीचा आवाज उजवीकडून येतो आहे. पुढे काय करावयाचे ते खेळणाऱ्याने मराठीत लिहावे. ‘पूर्वेकडे जा’ म्हटले की खेळ त्यास पूर्वेकडे नेतो, ‘विहिरीत उतर’ म्हटले की विहिरीत उतरवितो. वाट चुकलेल्या माणसाची भूमिका घेऊन मुलूख धुंडाळावयाचा, एवढाच त्याचा विषय. त्या तरुणाने तो खेळ पुष्कळ सुशिक्षित मंडळींकडे विनामूल्य पाठविला, आणि अभिप्राय मागितला.

आलेले अभिप्राय त्याने आम्हांस दाखविले. निम्म्यांत ‘छान’, ‘अभिनंदन’, ‘स्तुत्य उपक्रम’ यापलीकडे काही नव्हते. उरलेल्यांत कोणी चित्रे नाहीत म्हणून नाराज; कोणी ‘इंग्रजीत केले असते तर चार पैसे तरी मिळाले असते’ असा सल्ला देणारा; खेळातील म्हातारी वऱ्हाडी बोलते याची एका गृहस्थांना लाज वाटली; आणि बरेचसे पाचांपैकी दोन किंवा तीन तारे देऊन मोकळे झालेले. यांपैकी एक ‘स्तुत्य उपक्रम’ आमचाच होता, हे येथे कबूल केले पाहिजे. आणि तो लिहिताना आम्ही दहा मिनिटांहून अधिक खेळलो नव्हतो, हेही.

आमचे म्हणणे असे की, यांस अभिप्राय हे नाव देणेच चूक आहे. हे निकाल आहेत. निकाल देणारा न्यायासनावर बसतो. आणि ज्याने अभिप्राय मागितला त्यास न्यायाधीश नको असतो, आपण बांधलेल्या वाटेवरून चालून आलेला माणूस हवा असतो. वाट कोठे तुटली, कोठे अंधार पडला, ठेच कोठे लागली, हे त्या चालणाऱ्यावाचून कोण सांगणार?

या खेळांचा इतिहासही हेच सांगतो. स्वतः गुहा धुंडाळणारा विल क्राउथर नावाचा अमेरिकन प्रोग्रामर. त्याने १९७६ च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे, मुख्यतः आपल्या मुलींसाठी, असा एक खेळ लिहिला. स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यास तो सापडला. वुड्सने त्यास तारे दिले नाहीत. त्याने क्राउथरला शोधून काढले, मूळ प्रोग्राम मागून घेतला, आणि १९७७ साली त्यात भर घालून जो खेळ सिद्ध केला त्यापासून ही सारी परंपरा वाढली. ‘झॉर्क’ या प्रसिद्ध खेळात तर ‘स्क्रिप्ट’ अशी एक आज्ञाच होती; ती दिली की खेळणारा काय लिहितो आणि खेळ काय उत्तर देतो, याची अक्षरशः नोंद होत जाई. अशा नोंदी रचणाऱ्याकडे पाठविण्याची चाल या खेळांच्या जाणकारांत आजही आहे. तिकडे निकालाचाही मान आहे, पण शिस्तीने. शब्दखेळांची जी स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी भरते, तीत परीक्षकाने निदान पाच खेळांस गुण द्यावे लागतात, आणि ते पहिल्या दोन तासांच्या अनुभवावर. आमच्या दहा मिनिटांची येथे आठवण होते!

मराठीत तर या नोंदीवाचून गत्यंतरच नाही. इंग्रजीत दिव्यासाठी एक शब्द शिकविला की तो बहुधा त्याच रूपात पुन्हा भेटतो. आपल्याकडे दिवा, दिव्याने, दिव्यात, दिव्याला. विहीर पाहावयाची, परंतु विहिरीत उतरावयाचे. खेळास ही सारी रूपे ओळखता आली पाहिजेत. त्यावर वऱ्हाडी माणूस विहिरीस ‘इहीर’ म्हणतो आणि विस्तवास ‘इस्तो’. खोलीत एकटा बसलेला रचणारा हे सगळे आधी कसे ताडणार?

त्या ढिगात खरा अभिप्राय एकच होता. हिवरखेडच्या एका शाळकरी मुलीने लिहिले होते : “मी ‘इस्तो पेटव’ असं लिहिलं. खेळ म्हणाला, ‘समजले नाही’. मग ‘इस्तो कर’ लिहिलं. तरी समजले नाही. मग मी बंद केला.” विशेषण एकही नाही; परंतु त्या तरुणाने त्याच रात्री खेळाला ‘इस्तो’ शिकविला. आमच्या ‘स्तुत्य’ने त्यास काय शिकविले?

यावर कोणी म्हणेल, म्हणजे खेळणारे सांगतील तसे रचणाऱ्याने ऐकावे की काय? मुळीच नाही. कोठे अडले हे खेळणाऱ्यास कळते. उपाय रचणाऱ्याने शोधावा. एकाने नकाशाची मागणी केली होती. त्याचे खरे दुखणे असे की, दुसऱ्या वळणानंतर नदी कोणत्या बाजूस राहिली हे वर्णनात सांगितलेलेच नव्हते. नकाशा न देता एक वाक्य घातले असते तर काम झाले असते. पण आपण कोठे चुकलो हे त्याने लिहिलेच नाही, नुसती मागणी लिहिली.

दुसरा आक्षेप असा, की फुकटच्या खेळावर इतका वेळ कोणी घालवावा? कोणीही घालवू नये. वेळ नसेल तर तसे सांगावे. त्यात अपमान नाही. पण न चालताच वाटेचा निवाडा करणे, हा मात्र रचणाऱ्याचा अपमान आहे. मग तो निवाडा गोड का असेना.

ही गोष्ट वऱ्हाडास नवीन नसावी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रिद्धपुरास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरस्वामींची थोरवी ऐकून नव्हे. ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, काय पाहिले, काय ऐकले, हे त्यांनी विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीवर उभा आहे. आणि आज आम्ही एका तरुणास साधी साक्षही देत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी एकमेकांस शुभेच्छा पाठविल्या. तीही प्रशस्तीच. भाषा जगते ती तिच्याकडून नवे काम करवून घेणाऱ्यांमुळे. असे काम करणारा हा तरुण आज म्हणतो की, दुसरा खेळ इंग्रजीत करावा. तिकडे निदान कोठे चुकले ते तरी लोक सांगतात. त्याने तसे केले तर दोष कोणाचा?

गेल्या रविवारी आम्ही तो खेळ पुन्हा उघडला आणि दोन तास खेळलो. विहिरीच्या काठावर आम्ही ‘कंदील खाली सोड’ असे लिहिले. खेळाने कंदील टाकून दिला आणि अंधार झाला. हे आम्ही जसेच्या तसे त्यास लिहून कळविले आहे. त्यात ‘स्तुत्य’ हा शब्द नाही.