रूट सोडला, पण सातबारा कुणाच्या नावावर?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला! पण विषय माझ्या गावचा आहे आणि आपल्या लॅबचाही.

आमचं गाव नेकनूर, जिल्हा बीड. जमीन बाबा कसतात, पण सातबाऱ्यावर नाव होतं पणजोबांचं! त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, वारसनोंदीचा अर्ज आम्हीच दिला नव्हता. पीककर्ज काढायची वेळ आली तेव्हा डोळे उघडले. कसणारा बदलला म्हणून कागदावरचं नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी फेरफार करावा लागतो.

आता लॅबकडे या. असाइनमेंट जमा करायची आमची सर्व्हिस लिनक्सवर रूट म्हणून चालायची. रूट म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा. अशा सर्व्हिसमध्ये एक भोक सापडलं की अख्खं मशीन परक्याच्या ताब्यात! म्हणून एका सीनियरने तिच्यासाठी वेगळा, साधा युजर केला. निर्णय शंभर टक्के बरोबर. पण दुसऱ्याच दिवशी सबमिशन, आणि स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'! कारण जुन्या फायली रूटच्याच नावावर होत्या. लिनक्स प्रत्येक फाइलसोबत मालकाचा नंबर लिहून ठेवतं, रूटचा नंबर ०. सर्व्हिसचा युजर बदलला तरी हा नंबर तसाच राहतो.

घाईघाईत कुणीतरी सगळ्या फोल्डरला ७७७ दिलं. सर्व्हिस चालू झाली, टाळ्या पडल्या! पण आता त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही कुणाचीही असाइनमेंट बदलू शकत होता. फेरफार करायचा सोडून बांधच मोडला की हो!

दुसरं टोकही तितकंच वाईट : रूट होऊन दिसेल त्याची मालकी बदलत सुटायचं. २०१८ मध्ये एनपीएमच्या ५.७.० आवृत्तीत असंच झालं. सुडोने चालवल्यावर तिने सिस्टिमच्या फोल्डरांचीही मालकी बदलली, लोकांची मशीन्स बिघडली आणि लगेच ५.७.१ काढावी लागली.

माझं मत स्पष्ट आहे. जो सर्व्हिसचा रूट काढतो, जुन्या फायलींचा फेरफार करायची जबाबदारीही त्याचीच. जमिनीची नोंद धरली तरी नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस थांबतात, मगच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तीच शिस्त इथे हवी. आधी सर्व्हिस थांबवा. 'फाइंड' कमांडने तिच्या डेटा आणि लॉगच्या फोल्डरात रूटच्या फायली कोणत्या, ते बघा. यादी वाचा आणि तेवढ्यांचीच मालकी बदला. प्रोग्रॅम आणि कॉन्फिग फायली रूटच्याच राहू द्या, नाहीतर सर्व्हिसमध्ये घुसलेला माणूस प्रोग्रॅमच बदलून ठेवेल. सिस्टिमडीवरही डोळे मिटून विसंबू नका. 'स्टेट डिरेक्टरी' लिहिली की ते मालकी बदलून देतं खरं, पण वरच्या फोल्डरचा मालक बरोबर दिसला तर आतल्या फायली तशाच सोडतं. वाड्याच्या दारावरची पाटी वाचून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखं!

आम्ही शेवटी ७७७ काढलं आणि यादी करून मालकी बदलली. काम तासाभराचंच होतं. आमच्या सातबाऱ्यावरही आता बाबांचं नाव लागलंय. त्याला मात्र बरेच हेलपाटे पडले... वेळेवर केलं असतं तर तेही सोपंच होतं!